विश्लेषण : पहिली रायफल कशी असावी? जिम कॉर्बेट यांचे आयुष्य काय सांगते?

अमेरिका-युरोपात हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला, की घरोघरी एक प्रश्न विचारला जातो : नव्याने नेमबाजी शिकणाऱ्या मुलाच्या हाती पहिली रायफल कोणती द्यावी? भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा प्रश्न येथे इतिहासजमा झाला. मात्र कुमाऊँच्या जंगलात वाढलेल्या जिम कॉर्बेट यांनी तो लहानपणीच अनुभवला होता. शस्त्र पेलवले नाही, नेम चुकला, तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही त्यांनी पुढे जवळून पाहिले.

ठासणीची बंदूक कशी मिळाली?

कॉर्बेट यांचा जन्म 25 जुलै 1875 रोजी नैनितालचा. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम सहा वर्षांचे होण्याआधीच ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी जेन आणि थोरला भाऊ टॉम यांच्यावर आला. हिवाळ्यात कुटुंब पायथ्याच्या काळाढुंगी गावी उतरत असे. चितळ, सांबर, भेकर, बिबटे आणि वाघ असलेले जंगल घराला लागूनच होते.

जिमचे पहिले शस्त्र म्हणजे बेचकी, त्यानंतर मातीच्या गोळ्या मारायचे धनुष्य. आठव्या वर्षी, कुमाऊँच्या पक्ष्यांवर पुस्तकाचे काम करणाऱ्या परिचित गृहस्थांनी त्याला दुनळी ठासणीची बंदूक दिली. तिची एक नळी जास्त दारू भरल्याने फाटलेली होती, तर दस्ता आणि नळ्या पितळी तारेने बांधून एकत्र ठेवल्या होत्या. गावचा मुखिया कुंवरसिंग हा जिमचा जंगलातला गुरू. त्याने बंदुकीच्या फाटक्या नळीबद्दल चकार शब्द काढला नाही, चांगल्या नळीचे मात्र कौतुक केले. ही बंदूक घेऊन कुठेही निर्धास्त जा, पण आधी झाडावर चढायला शीक, असा त्याचा सल्ला होता.

ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे तोंडाकडून ठासून भरावे लागतात. एक बार वाया गेला की पुन्हा भरेपर्यंत पाखरू दूर गेलेले असते. चालती नळी एकच असल्याने जिमला दुसरी संधी नव्हतीच. परिणामी जवळ कसे जायचे, वाऱ्याची दिशा कशी ओळखायची आणि खात्री पटेपर्यंत चाप कसा ओढायचा नाही, हे तो आधी शिकला.

पहिली रायफल कोणती?

दहाव्या वर्षी जिम शाळेच्या कॅडेट तुकडीत दाखल झाला. तेथे .450 मार्टिनी रायफलीवर सराव होई. एका पाहणीच्या वेळी बड्या पाहुण्यांसमोर नेम धरताना तो बावरला. त्याच्या रायफलीवरची अंतराची पट्टीही चुकीच्या ठिकाणी होती. पाहणीला आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच्या शेजारी येऊन पट्टी नीट केली आणि घाई न करण्यास सांगितले. त्यानंतर जिमचे नेम लागू लागले.

पुढे तुकडीच्या सार्जंट मेजरने त्याला मार्टिनी रायफल वापरायला दिली आणि हवी तेवढी काडतुसेही देऊ केली. अटी दोनच : रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत करायची. याच रायफलीने जिमने पहिला बिबट्या मारला. पहिल्या गोळीने तो जखमी झाला, तेव्हा त्याचा माग काढून त्याला संपवणे भाग होते. जखमी जनावर मागे सोडायचे नाही, हा नियम त्याने तेव्हापासून पाळला.

धक्क्याला एवढे महत्त्व का?

मार्टिनी-हेन्री ही 1871 मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली एकेरी बाराची रायफल. तिच्या काळ्या दारूच्या काडतुसातील शिशाची गोळी सुमारे 26 ते 31 ग्रॅमची होती. गोळी जड, तसा खांद्याला बसणारा धक्काही मोठा. मुलांच्या बाबतीत खरी अडचण इथेच येते. धक्क्याची धास्ती बसली की मूल चाप ओढण्याआधीच डोळे मिटते, खांदा आक्रसतो आणि नेम हलतो. दस्ता हाताच्या मापापेक्षा लांब असेल, तर रायफल खांद्याला नीट टेकत नाही. वजन जास्त असेल, तर नेम धरेपर्यंत हात थरथरू लागतात. ताकद पुरेशी असूनही गोळी भलत्याच जागी लागते आणि हरीण जखमी होऊन पळते.

चुकलेल्या गोळीची किंमत किती?

कॉर्बेट यांनी 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून 436 बळी तिच्या नावावर होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले आढळले. बंदुकीच्या जुन्या गोळीने ते मोडले असावेत आणि नेहमीची शिकार साधेना म्हणून ती माणसांकडे वळली असावी, हा कॉर्बेट यांचा निष्कर्ष. कोणा अज्ञात शिकाऱ्याच्या चुकलेल्या नेमाची किंमत शेकडो गावकऱ्यांनी मोजली होती.

त्या दिवशी स्वतः कॉर्बेट यांचीही तयारी अपुरी पडली. त्यांच्याजवळची तीनच काडतुसे संपली, तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची जुनी बंदूक घेतली. तिच्या नळ्या आणि खटक्याकडचा भाग यांत फट पडलेली होती. अगदी जवळून झाडलेली गोळीही नेमक्या जागी न लागता पंजावर लागली. सुदैवाने आधीच्या गोळ्यांनीच वाघीण गतप्राण झाली.

हलकी रायफल पसंतीची का ठरली?

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेट यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .275 रायफल भेट दिली. तिचे काडतूस म्हणजे 7 बाय 57 मिलिमीटर माऊझर. गोळी साधारण 9 ग्रॅमची, म्हणजे मार्टिनीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. रायफल हलकी, धक्का सौम्य, वेग मात्र जास्त. जड दुनळी रायफलही कॉर्बेट यांच्याकडे होती, पण तासन्तास पायी माग काढताना ही हलकी रायफलच त्यांच्या हाती असे. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी 1926 मध्ये तिनेच टिपला.

चौगढच्या वाघिणीशी 1930 मध्ये गाठ पडली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. वाघीण अवघ्या काही फुटांवर होती. त्यांनी एकाच हाताने रायफल इंचाइंचाने वळवून गोळी झाडली. जड रायफलीने हे जमणे कठीण होते.

आज या अनुभवाचा उपयोग काय?

शिकारीला परवानगी असलेल्या देशांत जाणकारांचा सल्ला याच अंगाने जातो. आधी .22 रायफलीवर कागदी लक्ष्याचा भरपूर सराव, मग मापाचा आखूड दस्ता आणि सौम्य धक्क्याचे काडतूस. हरणासाठी .243 विंचेस्टर किंवा 7 मिलिमीटर-08 सुचवले जाते. कॉर्बेट यांच्या रिग्बीचे 7 बाय 57 काडतूसही त्याच पंगतीत बसते. भारतात शस्त्र परवान्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. मुलांना नेमबाजी शिकायची, तर ती नियमांच्या चौकटीत आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली.

कॉर्बेट यांनी उत्तरायुष्यात बंदुकीपेक्षा कॅमेरा जवळ केला. त्यांच्या परिसरातच 1936 मध्ये भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले आणि त्यांच्या निधनानंतर त्याला त्यांचेच नाव मिळाले. 1947 मध्ये ते बहीण मॅगीसह केनियाला गेले. तेथील न्येरी गावी 19 एप्रिल 1955 रोजी त्यांचे निधन झाले. एका चालत्या नळीच्या बंदुकीने लावलेली शिस्त मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही : खात्री नसेल, तर चाप ओढायचा नाही.