कंपवाताला नाव देणारा डॉक्टर

मैत्रिणींनो, पार्किन्सन हे नाव आता आपल्या कानावरून जातं, पण हा माणूस कोण होता? जेम्स पार्किन्सन १७५५ साली लंडनच्या हॉक्स्टन भागात जन्मला आणि वडिलांसारखाच तिथला डॉक्टर झाला. गरिबांची बाजू घेऊन टोपणनावानं पत्रकं काढायची, घरच्या मंडळींसाठी आरोग्याची पुस्तकं लिहायची, शिवाय जीवाश्म गोळा करण्याचा छंद! १८१७ मध्ये त्यानं कंपवातावर छोटासा निबंध लिहिला. रुग्ण अवघे सहा, त्यातले तीन तर रस्त्यात दिसलेले. पण नजर बघा: हात स्वस्थ असताना होणारी थरथर, पुढे झुकलेलं अंग, पळत सुटल्यासारखी चाल, सगळं टिपलं. कारण मात्र तो मानेतल्या मज्जारज्जूत शोधत होता. १८२४ मध्ये तो गेला. आजाराला त्याचं नाव पुढे फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी दिलं.

खरं कारण कळायला १९६० उजाडलं. व्हिएन्नात अशा रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी आढळलं. मेंदूत खोलवर असलेल्या काळपट पेशी ते बनवतात. त्यावर आपल्या हालचाली चालतात. त्यातल्या बऱ्याच पेशी मेल्यावरच थरथर दिसू लागते. म्हणून सासूबाईंचं अक्षर बारीक झालं, चेहरा कोरा दिसू लागला, की वय झालं म्हणून सोडून देऊ नका, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. लेव्होडोपाच्या गोळीनं मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण कितीतरी जणींना साडीच्या निऱ्या पुन्हा स्वतःच्या हातानं घालता येतात.