सतराव्या शतकातला सी.सी.

ऑफिसचं ई-मेल सॉफ्टवेअर उघडलं की 'टू'च्या खाली 'सी.सी.' नावाची एक जागा दिसते. ज्याला लिहिलं त्याच्याशिवाय आणखी कोणाकोणाला ही गोष्ट कळायला हवी, ते ठरवायची ही जागा. नोकरीला लागलेले सीनियर्स सांगतात, की कंपनीतलं अर्धं राजकारण इथेच चालतं. कोणाला ठेवायचं आणि कोणाला वगळायचं! मित्रांनो, कॉम्प्युटर सोडा, जेव्हा कार्बन पेपरही नव्हता आणि विज्ञानाचं एकही छापील जर्नल निघत नव्हतं, तेव्हा हे सी.सी.चं काम एक माणूस जवळजवळ एकटा करत होता. त्याचं नाव मारँ मर्सेन. नंबर थिअरी वाचलेल्यांना 'मर्सेन प्राइम' माहीत असतील. नावामागचा माणूस मात्र आपल्या टेक्स्टबुकात कुठेच भेटत नाही.

मर्सेनचा जन्म ८ सप्टेंबर १५८८ चा, फ्रान्समधल्या वाझे या खेड्यातला. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगा हुशार. ला फ्लेश इथल्या जेझुइट कॉलेजात तो शिकला. (रेने देकार्तही तिथलाच, पण आठ वर्षांनी लहान.) पुढे पॅरिसला शिक्षण झालं आणि १६११ मध्ये तो मिनिम नावाच्या पंथात जाऊन साधू झाला. या पंथात मांस, अंडी, दूधदुभतं सगळंच वर्ज्य. म्हणजे आपल्या मेसपेक्षाही कडक! १६१९ पासून मरेपर्यंत त्याचा मुक्काम पॅरिसच्या मठातल्या एका खोलीत होता. हीच खोली युरोपच्या विज्ञानाचं पोस्ट ऑफिस बनली.

त्या काळी शोध लावला की तो लपवायची पद्धत होती. याचं उत्तम उदाहरण म्हणजे रोबेर्वाल. पॅरिसमधलं त्याचं प्रोफेसरचं पद दर तीन वर्षांनी स्पर्धेला लागायचं, आणि प्रश्न खुर्चीवर बसलेल्यानेच काढायचे! साहजिकच ज्यांची उत्तरं फक्त आपल्यालाच येतात असे प्रश्न तो जपून ठेवायचा. आता सांगा, अशा माणसाकडून नोट्स मिळणार कशा?

मर्सेनचं तंत्र साधं होतं. तो प्रश्न विचारायचा. एकाला विचारलेला प्रश्न दुसऱ्यालाही पाठवायचा, आणि उत्तर आलं की त्याची नक्कल तिसऱ्याला. फर्मा लांब तुलूझ शहरात न्यायखात्यात नोकरी करत होता आणि गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. १६३६ पासून त्याचा पत्रव्यवहार मर्सेनशी सुरू झाला आणि त्याचं काम पॅरिसला कळू लागलं. १६४३ मध्ये मर्सेनने त्याला विचारलं, की १००८९५५९८१६९ ही संख्या मूळ आहे का? फर्माने उत्तर पाठवलं, की नाही, ती ११२३०३ आणि ८९८४२३ यांचा गुणाकार आहे. कॅल्क्युलेटर न वापरता! (मी वापरून पाहिला, उत्तर बरोबर आहे.)

देकार्त तर हॉलंडमध्ये राहून पॅरिसशी संबंध ठेवायचा तो मुख्यतः मर्सेनमार्फत. त्याच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाचं हस्तलिखित मर्सेनने हॉब्ज, आर्नो, गासेंदी अशा लोकांकडे फिरवलं, त्यांचे आक्षेप गोळा केले, आणि १६४१ मध्ये पुस्तक आक्षेप व उत्तरांसकटच छापलं गेलं. ग्रूप डिस्कशन, पण टपालाने. १६३५ पासून तो पॅरिसच्या गणितज्ञांच्या नियमित बैठकाही घेऊ लागला. सरकारी विज्ञान अकादमी आली ती थेट १६६६ मध्ये.

तो नुसता पोस्टमन होता असं मात्र समजू नका. तारेची लांबी, ताण आणि वजन बदललं की कंपनसंख्या कशी बदलते, याचे नियम त्याने १६३६ च्या संगीतावरच्या ग्रंथात दिले. व्हायब्रेशन्स शिकताना हे नियम आपणही वापरतो. गॅलिलिओला १६३३ मध्ये चर्चने शिक्षा केली आणि दुसऱ्याच वर्षी या साधूने गॅलिलिओचं यंत्रशास्त्र फ्रेंचमध्ये छापलं. याला हिंमत लागते. प्राइम्सच्या बाबतीत मात्र त्याची फजिती झाली. १६४४ मध्ये त्याने यादी दिली, की २ चे कितवे घात घेऊन त्यातून १ वजा केला तर मूळ संख्या मिळते. २५७ पर्यंतच्या या यादीत ६७ आणि २५७ चुकीचे निघाले आणि ६१, ८९, १०७ राहूनच गेले. पूर्ण तपासणी व्हायला १९४७ साल उजाडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटर्सच्या जाळ्याने ४,१०,२४,३२० अंकी मर्सेन प्राइम शोधला. हजारो लोकांनी वाटून घेतलेलं काम आणि त्याला मर्सेनचं नाव, हे मला फार आवडलं.

पण सगळं सगळ्यांना सांगण्याचे परिणामही होतात. इकडची पत्रं तिकडे गेल्याने फर्मा आणि देकार्त यांच्यात जोरदार वाजलं. सायक्लॉइडचा प्रश्न मर्सेननेच रोबेर्वालला दिला होता. रोबेर्वालने क्षेत्रफळ काढलं, ते वर्तुळाच्या तिप्पट येतं, पण छापलं नाही. १६४४ मध्ये इटलीत टॉरिचेलीने तेच छापलं आणि रोबेर्वालने चोरीचा आरोप केला. मर्सेनची पत्रं इटलीलाही जात असल्याने संशय यायला जागा होती. टॉरिचेलीने ते स्वतंत्रपणे काढलं असं बहुतेक इतिहासकार मानतात. तरीही मला रोबेर्वालचा राग येत नाही. ज्याची नोकरीच गुपितावर टिकून आहे त्याला शेअरिंगचे फायदे काय सांगणार?

मर्सेनने मात्र सवय सोडली नाही. १६४४-४५ मध्ये तो इटलीला गेला, टॉरिचेलीच्या पाऱ्याच्या नळीचा प्रयोग त्याला कळला आणि परत येऊन त्याने तो फ्रान्सभर सांगितला. रूआँमध्ये पास्कलने १६४६ मध्ये तो करून पाहिला. मग पास्कलच्या मेव्हण्याने नळी घेऊन प्वी द दोम डोंगर चढला आणि वर गेल्यावर पारा खाली येतो हे दाखवलं. तारीख होती १९ सप्टेंबर १६४८. मर्सेन १ सप्टेंबरलाच गेला होता, साठीला एक आठवडा कमी असताना. आपलं शव चिरून आजाराचं कारण शोधा, असं तो सांगून गेला. म्हणजे तीही माहिती वाटूनच गेला.

त्याच्या खोलीत ७८ जणांची पत्रं सापडली. त्याचं स्वतःचं अक्षर भयंकर होतं, त्यामुळे ती लावायला पुढच्यांना बरेच कष्ट पडले असणार. पत्रव्यवहाराचे एकूण सतरा खंड झाले. पहिला निघाला १९३२ साली, शेवटचा १९८८ साली.