एकोणिसाव्या शतकाचा मानकरी कोण?

जानेवारीत दोन दिवसांच्या अंतराने न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पुण्यतिथी आणि जयंती येते; 16 तारखेला पहिली, 18 तारखेला दुसरी. दोन्ही बहुधा गाजावाजा न होता निघून जातात. एकोणिसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी महाराष्ट्रीय व्यक्ती कोणती, हा महाविद्यालयीन वादसभांचा जुना आवडता विषय आहे. वसईतील आमचे विद्यार्थीही त्यावर हिरीरीने बोलतात. कोणी जोतीराव फुल्यांचे नाव घेतो, कोणी सावित्रीबाईंचे, कोणी टिळकांचे. रानड्यांचे नाव क्वचितच निघते. अर्थशास्त्राच्या अध्यापकास ही उपेक्षा बोचते, आणि ती केवळ विषयाच्या अभिमानापोटी नव्हे.

कीर्ती आणि प्रभाव यांचे हिशेब एका वहीत मांडता येत नाहीत. ज्याच्या नावाचा जयघोष होतो त्याची कीर्ती मोठी. पण ज्याने रूढ केलेल्या कार्यपद्धती त्याचे नाव ठाऊक नसलेली माणसेही वापरतात, किंबहुना त्याचे विरोधकही वापरतात, त्याचा प्रभाव मोठा म्हटला पाहिजे. या कसोटीवर माधवरावांचे चरित्र तपासून पाहण्याजोगे आहे.

निफाड येथे 1842 साली त्यांचा जन्म झाला. बालपण कोल्हापुरात गेले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. एल्फिन्स्टन महाविद्यालयात काही काळ अध्यापन करून ते न्यायखात्यात शिरले आणि 1871 साली पुण्यास आले. तेथील सार्वजनिक सभा गणेश वासुदेव जोशी यांनी आदल्याच वर्षी स्थापन केली होती. सरकारी नोकर असल्याने रानड्यांना उघडपणे तिचे पुढारीपण करणे शक्य नव्हते. पण तिची बुद्धी तेच होते. रयतेची स्थिती, सारा, दुष्काळ यांविषयी माहिती गोळा करावी, आकडे तपासावेत, निवेदने सिद्ध करावीत आणि सरकारला उत्तर देणे भाग पाडावे, ही रीत त्यांनी घालून दिली. 1876 ते 1878 च्या दुष्काळात ती कसास लागली. पुण्याची वसंत व्याख्यानमाला त्यांच्याच पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी पुण्यात दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीवर सनातन्यांनी चिखलफेक केली, तेव्हा रानडे आणि फुले दोघेही तिच्यात होते.

राजनिष्ठेची भाषा बोलणाऱ्या या न्यायाधीशावर सरकारचा मात्र विश्वास नव्हता. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात त्यांना नाशिकला व पुढे धुळ्याला हलविण्यात आले, त्यांच्या पत्रव्यवहारावर पाळत ठेवण्यात आली. संशय फिटल्यावर बढत्या मिळाल्या आणि 1893 साली तेलंगांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या उच्च न्यायालयाच्या जागेवर त्यांची नेमणूक झाली.

त्यांचे खरे सामर्थ्य अर्थविचारात दिसते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञांचे सिद्धांत कोणत्याही देशाला, कोणत्याही काळी सारखेच लागू पडतात, हे मत त्या वेळी आपल्याकडील सुशिक्षितांनीही मुकाट्याने मान्य केले होते. 1892 साली डेक्कन महाविद्यालयातील व्याख्यानात रानड्यांनी ते नाकारले. कच्चा माल पिकवून परदेशी पाठवावयाचा आणि पक्का माल विकत घ्यावयाचा, या व्यवस्थेत देश शेतीवरच अधिकाधिक विसंबत जातो; म्हणून राज्यसंस्थेने उद्योगांस भांडवल व साहाय्य दिले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वतंत्र भारताने नियोजनाची वाट धरली, तिचे एक उगमस्थान येथे आहे.

आता दोषांची बाजू. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या माधवरावांनी प्रथम पत्नी वारल्यावर 1873 साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. मिशनऱ्यांकडील चहापानाच्या प्रकरणात 1892 मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. या दोन्ही प्रसंगी त्यांच्या अनुयायांची मान खाली गेली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक दोष गंभीर आहे. जमीन कर्जबाजारी कुळाकडून काटकसरी, भांडवलदार वर्गाकडे जाणे अपरिहार्य व अंती हितकारक आहे, असे त्यांनी मांडले. तिच्यावरून उठणाऱ्या कुळाचे काय, याचे समाधानकारक उत्तर त्या मांडणीत नाही. त्याच सुमारास, 1883 मध्ये, जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून नेमक्या त्या कुळाच्या बाजूने जाब विचारला.

म्हणूनच फुल्यांचा दावा मला सर्वांत बळकट वाटतो. तो मी नाकारीत नाही. काळाची वाटणी मात्र करतो. फुल्यांनी पेरले ते शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर यांच्या हातून विसाव्या शतकात उगवून आले. आजही ते वाढतेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला संस्थांचा सांगाडा मिळाला, तो प्रामुख्याने रानड्यांमुळे. 1885 ची राष्ट्रसभा, 1887 ची सामाजिक परिषद, 1890 ची औद्योगिक परिषद, मुलींची शाळा, प्रार्थना समाज. जेथे पाहावे तेथे त्यांचा हात आढळतो. टिळकपक्षाने 1895 साली त्यांच्या मंडळींकडून सार्वजनिक सभा हिसकावून घेतली, तीही त्यांनीच वाढविलेली. त्याच टिळकांनी 1901 साली मृत्युलेखात त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. गोखले त्यांच्याजवळ आकड्यांशी झुंजणे शिकले आणि गांधीजींनी गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानले. 1943 साली रानड्यांच्या जयंतीस पुण्यात बोलताना बाबासाहेबांनी थोर पुरुष कोणास म्हणावे, या प्रश्नाचाच ऊहापोह केला आणि रानड्यांना त्या पंक्तीत बसविले. ही साक्ष भक्ताची नव्हती, म्हणून तिचे मोल अधिक.

एक उदाहरण घराजवळचे. सावकारी पाशातून शेतकरी सुटावा म्हणून पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना वेडरबर्न यांनी 1880 नंतरच्या वर्षांत मांडली आणि रानड्यांनी तिचा पाठपुरावा केला. सरकारने ती गुंडाळली. युरोपातील पतव्यवस्थांचा अभ्यास करून रानडे मात्र तेच पुन्हा सांगत राहिले. पुढे 1904 साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि 1918 साली, रानडे जाऊन सतरा वर्षे झाल्यावर, वसईच्या कॅथलिक समाजाने आपली पतसंस्था काढली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. सावकाराच्या दारी जाण्याऐवजी शेजाऱ्यांनी मिळून एकमेकांची पत उभी करावी, ही कल्पना येथील केळीबागायतदाराला आज इतकी सहज वाटते की तिच्यासाठी कोणाला झगडावे लागले असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. प्रभाव म्हणतात तो हाच.

वादसभेत हात वर करून शतकाचा मानकरी ठरत नाही, हे मलाही मान्य आहे. पण आपण कोणती कसोटी लावतो, यावर पुढची पिढी काय करील हे ठरते. पुतळे आणि मिरवणुका मोजावयास आपण मुलांना शिकविले, तर पतपेढीचे हिशेब तपासणारा, ग्रंथालयाची वर्गणी गोळा करणारा, पाणी आणि जमीन यांच्याविषयी आकडेवार निवेदन लिहिणारा तरुण आपले काम क्षुल्लक समजू लागेल. ज्या वसईत शेते मिटून इमारती उठत आहेत, तेथे अशा तरुणांची गरज घोषणा देणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. माधवराव चुकले, वाकले, प्रसंगी माघारही त्यांनी घेतली. परंतु हाती घेतलेले कागद त्यांनी कधी अपुरे सोडले नाहीत. माझे मत मी त्यांना देतो ते या कारणासाठी.