मातीची नाडी पाहणारे डॉ. मॅन

आमच्या सुरतेच्या काळ्या जमिनीतील कपाशी सर्वांस ठाऊक आहे. तिच्या सुधारणेचे काम जेथे चाले ते सरकारी शेत १९१८ ते १९२७ पर्यंत ज्यांच्या खात्याखाली होते, त्या डॉ. हॅरोल्ड मॅन यांची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहोत.

ते १८७२ साली इंग्लंडात यॉर्क येथे जन्मले व रसायनशास्त्री झाले. १९०० साली चहामळेवाल्यांच्या संघाने त्यांना हिंदुस्थानात आणले. चहाला आम्लधर्मी माती मानवते. बहुतेक पिकांना ती सोसत नाही. १९०७ साली ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले, तो येथे उलटाच प्रकार! निरा कालव्याखाली पाण्याचा निचरा नसल्याने जमिनी खारावत होत्या.

मातीबरोबर त्यांनी माणसेही पाहिली. पिंपळे सौदागर गावी १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली शेते त्यांच्या पाहणीच्या वेळी ७ एकरांवर आली होती. दलितांसाठी झटणाऱ्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या पुणे शाखेचे ते अध्यक्षही होते.

१९२८ साली, निवृत्तीनंतर, ते इंग्लंडातील वोबर्नच्या प्रयोगक्षेत्री गेले. तेथे १८७६ पासून काही वाफ्यांत गहू व जव सतत पेरीत. अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे घातलेल्या वाफ्यांतील हलकी रेताड माती इतकी आंबली की प्रथम जव गेला. मातीचा सामू ५ च्या खाली उतरला की तिच्यातील ॲल्युमिनियम विरघळून मुळांना बाधते. काही वाफ्यांत १८९७ साली चुना घातला होता, तेथे पीक पुन्हा उभे राहिले. आम्लता वाढता वाढता कोणते पीक कोठवर टिकते, हे मॅन यांनी धीराने तपासले.

चुना म्हणजे काही सर्व जमिनींचे औषध नव्हे. सुरतेच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते. तीत आणखी चुना घातला तर लोह व जस्त पिकाला मिळेनासे होते, आणि पैसाही जातो. अतिपावसाने चुना धुऊन गेलेल्या कोकणातील जांभ्या मातीची गोष्ट वेगळी. म्हणून पोते आणण्याआधी मातीचा नमुना तपासून घ्यावा. सामू ७ म्हणजे समतोल.

मॅन १९५६ पर्यंत, म्हणजे ऐंशी उलटल्यावरही, त्या वाफ्यांपाशी राबत होते. १९६१ साली ते वारले.