सेनापती बापट आणि मुळशीचे धरण

पारनेर येथे १८८० मध्ये जन्मलेले पांडुरंग महादेव बापट एडिंबरो येथे अभियांत्रिकी शिकले होते, हे प्रथम ध्यानात घ्या. यंत्रविद्येशी त्यांचे वैर नव्हते. मुंबईस वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनी मुळशीत धरण बांधू लागली. जमिनी रीतसर संपादन होण्याआधीच कंपनीने खोदकाम आरंभले; पुढे सरकारने भूसंपादनाचा कायदा तिच्या मदतीस दिला. सरकार आणि कंपनी यांचा परस्परांवर विश्वास होता; ज्यांची भातखाचरे बुडणार होती त्या मावळ्यांची संमती मात्र कोणी घेतली नाही. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. बापटांनी वारंवार तुरुंगवास पत्करला, ‘सेनापती’ ही पदवीही त्यांना याच लढ्याने दिली. १९२४ मध्ये त्यांनी शस्त्र उचलले (सत्याग्रहात हे बसत नाही) आणि दीर्घ कारावास भोगला. धरण पूर्ण झाले, गावे पाण्याखाली गेली.