लैला कासिम: बगदादमध्ये फासावर गेलेली कुर्द विद्यार्थिनी

लैला म्हटलं की आपल्याला मजनू आठवतो. कुर्द घरांमध्ये मात्र मुलीचं नाव लैला ठेवताना अनेकदा वेगळीच व्यक्ती डोळ्यांसमोर असते. बगदाद विद्यापीठात समाजशास्त्र शिकणारी, विशीची जेमतेम झालेली एक तरुणी. 12 मे 1974 रोजी इराक सरकारने तिला चार साथीदारांसह फाशी दिलं. राजकीय कारणासाठी इराकमध्ये फासावर गेलेली पहिली स्त्री म्हणून तिचा उल्लेख होतो.

तिची गोष्ट कळायची असेल तर आधी तिचं गाव पाहावं लागतं.

लैलाचा जन्म 1952 सालचा, इराणच्या सीमेलगत असलेल्या खानकीनचा. या भागात तेल होतं आणि तेलशुद्धीकरण कारखानाही होता. खानकीनमध्ये कुर्द, अरब, तुर्कमेन असे सगळेच राहत. लैलाचं कुटुंब फैली कुर्दांपैकी. बहुतेक कुर्द सुन्नी आहेत, फैली शिया. त्यांची वस्ती सीमेच्या दोन्ही बाजूंना, आणि बगदादच्या बाजारपेठेत त्यांचे बरेच व्यापारी होते.

फैलींची खरी अडचण कागदाची होती. इराकच्या 1924 च्या नागरिकत्व कायद्याने लोकांची दोन गटांत विभागणी केली. ज्यांच्या पूर्वजांची नोंद तुर्की साम्राज्याची प्रजा म्हणून होती ते एका गटात, इराणची प्रजा म्हणून होती ते दुसऱ्या. पिढ्यान्‌पिढ्या इराकमध्ये राहिलेले असंख्य फैली या दुसऱ्या गटात गेले. बाथ पक्ष सत्तेवर आल्यावर 1970 नंतरच्या एक-दोन वर्षांत त्यांच्यापैकी हजारो लोकांना इराणी ठरवून सीमेपलीकडे हाकलण्यात आलं. म्हणजे लैला कुर्द म्हणून संशयित होती आणि फैली म्हणून तर परकीयच.

खानकीन कुणाचं?

मार्च 1970 मध्ये मात्र सगळं सुरळीत होईल असं वाटलं होतं. कुर्दांचे नेते मुल्ला मुस्तफा बारझानी आणि बगदाद सरकार यांच्यात 11 मार्चला करार झाला. सरकारच्या बाजूने वाटाघाटी केल्या होत्या सद्दाम हुसेनने, तेव्हा तो अध्यक्ष नव्हता. चार वर्षांत कुर्दांना स्वायत्तता मिळणार होती, कुर्दी भाषेतून शिक्षण मिळणार होतं. स्वायत्त भागात कोणती गावं जाणार हे जनगणना करून ठरवायचं होतं.

जनगणना झालीच नाही. किरकुक आणि खानकीन हे तेलाचे भाग सोडायला सरकार तयार नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय बारझानी तयार नव्हते. उलट कुर्दांना हुसकावून तिथे अरब कुटुंबं वसवली जाऊ लागली. 1971 मध्ये खुद्द बारझानींवर जीवघेणा हल्ला झाला.

याच काळात लैला बगदादला शिकायला आली. कुर्द विद्यार्थी संघटनेत आणि बारझानींच्या कुर्दिस्तान डेमोक्रॅटिक पार्टीत ती काम करू लागली. करार कागदावर होता तोवर हे काम उघडपणे करता येत होतं, हे लक्षात घ्यायला हवं.

11 मार्च 1974 रोजी सरकारने स्वायत्ततेचा कायदा एकतर्फी जाहीर केला. किरकुक आणि खानकीन त्यातून वगळलेलं होतं. मान्य करायला दोन आठवड्यांची मुदत दिली गेली. बारझानींनी नकार दिला आणि युद्ध पेटलं. शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर, विद्यार्थी असे हजारो कुर्द शहरं सोडून डोंगरांत गेले. लैला बगदादमध्येच राहिली. शत्रूच्या राजधानीत राहून काम करणं हे डोंगरात बंदूक घेण्यापेक्षा कमी धोक्याचं मुळीच नव्हतं.

24 एप्रिलला इराकी विमानांनी कलादिझा या गावावर बॉम्ब टाकले. सुलेमानिया विद्यापीठातले विद्यार्थी आणि प्राध्यापक तिथे आश्रयाला होते. शंभराहून अधिक माणसं मेली. जगात त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

अटक ते फाशी: दोन-तीन आठवडे

एप्रिलच्या अखेरीस लैलाला बगदादमध्ये अटक झाली. सोबत जवाद हमावंदी, नरिमान फुआद मस्ती, हसन हमा रशीद आणि आझाद सुलेमान मिरान हे चौघे होते. आरोप होता विमान पळवण्याच्या कटाचा.

तो काळच विमान अपहरणांचा होता. पॅलेस्टिनी लैला खालेदने 1969 मध्ये विमान पळवलं होतं आणि रातोरात तिचा फोटो जगभर पोहोचला होता. (नावामुळे या दोघींची आजही गल्लत होते.) ज्यांच्याकडे जगाचं लक्ष नव्हतं अशा अनेक गटांना हा मार्ग खुणावत होता. पण या प्रकरणात प्रत्यक्षात कुठलंही विमान पळवलं गेलं नव्हतं. जी शिक्षा झाली ती कटाची.

कोठडीत छळ झाला. खटला टीव्हीवरून देशभर दाखवला गेला. त्यामागचा हेतू उघड होता: बगदादमध्ये उरलेल्या प्रत्येक कुर्दाने तो पाहावा. अटकेपासून फाशीपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे गेले. एवढ्या वेळात ना नीट बचाव होऊ शकतो, ना अपील.

फाशीला जाताना तिने कुर्दी पोशाख घातला होता आणि ती ‘अय रकीब’ गात होती, असं कुर्दांमध्ये सांगितलं जातं. गझल वाचणाऱ्यांना ‘रकीब’ म्हणजे प्रेमातला प्रतिस्पर्धी. कुर्दीत तो शत्रू, पहारेकरी. दिलदार या कवीने हे गीत तुरुंगात लिहिलं होतं, आणि आज ते कुर्दांचं राष्ट्रगीत आहे.

ज्या उठावासाठी ती गेली, तो वर्षभरही टिकला नाही. बारझानींना इराणच्या शहाची मदत होती. 6 मार्च 1975 रोजी अल्जिअर्समध्ये शहा आणि सद्दाम यांनी सीमेबाबत समझोता केला, शहाने मदत थांबवली आणि काही आठवड्यांत लढाई संपली. कुर्द नेतृत्वाने एका शेजारी राजावर एवढी भिस्त ठेवली, याची किंमत हजारो घरांनी मोजली.

फैलींचं काय झालं? 1980 मध्ये सद्दामच्या राजवटीने फर्मान क्रमांक 666 काढून ‘परकीय मूळ’ असलेल्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. घरं, दुकानं जप्त झाली. कुटुंबं इराणच्या सीमेवर सोडण्यात आली आणि हजारो तरुण मुलगे इराकमध्येच अडकवून ठेवले गेले. त्यांतले बरेच पुन्हा कधी दिसले नाहीत.

सद्दाम गेल्यावर 2005 च्या घटनेत कलम 140 आलं. वादग्रस्त भागांमध्ये जनगणना आणि मग सार्वमत घ्यायचं, मुदत 2007 अखेरपर्यंत. तेही झालं नाही. 2003 पासून खानकीनवर कुर्द सैन्याचा ताबा होता. ऑक्टोबर 2017 मध्ये बगदादचं सैन्य तिथे परतलं.