खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, जि. सातारा, मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट (५७ किलो) गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिम्पिक पदक होय. अंगबळापेक्षा डावांची जाण, चपळाई आणि अचूक वेळ साधण्याचे कौशल्य यांसाठी ते ओळखले जात. लहान चणीमुळे त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ असे टोपणनाव मिळाले होते.

बालपण व शिक्षण

खाशाबांचा जन्म कराडजवळील गोळेश्वर या गावी शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल असल्याने कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरीच मिळाले. पुढे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप व पत्रके पोहोचवणे अशी कामे त्यांनी विद्यार्थिदशेतच केली. त्यानंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला.

कोल्हापूर हे त्या काळी कुस्तीचे मोठे केंद्र होते. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना दिलेला आश्रय, गावोगावच्या तालमी आणि १९१२ मध्ये खुले झालेले खासबाग मैदान यांमुळे तेथे जाणकार प्रेक्षकांची परंपरा निर्माण झाली होती. मल्लाने कोणता डाव टाकला आणि समोरच्याने तो कसा तोडला, हे पाहण्यासाठीच हा प्रेक्षक मैदानात येत असे. अशा वातावरणात खाशाबांची कुस्ती घडली.

कुस्तीचे तंत्र

ढाक हा खाशाबांचा हुकमी डाव होता. या डावात प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्याचा तोल बिघडवला जातो आणि त्याला झटक्यासरशी पाठीवर पाडले जाते. या डावाचे यश ताकदीपेक्षा क्षणावर अवलंबून असते. प्रतिस्पर्धी पुढे रेटा देत असतानाच ढाक लागली, तर त्याचेच वजन त्याला खाली नेते. तो क्षण चुकला, तर डाव मारणाराच उघडा पडतो व समोरच्याला पाठीमागून कब्जा घेण्याची संधी मिळते. कमी उंचीच्या व हलक्या वजनाच्या मल्लाने या डावावर भिस्त ठेवणे हे त्याच्या आत्मविश्वासाचे व सरावाचे द्योतक होते.

मातीवरील आणि गादीवरील कुस्ती यांत मोठा फरक आहे. परंपरागत कुस्तीत प्रतिस्पर्धी चितपट होईपर्यंत लढत चालू शकते. वजनाचे काटेकोर गटही नसतात. अंगाला लागलेल्या मातीमुळे पकड टिकते. गादीवर मात्र ठरावीक वेळ असते, मल्ल चितपट झाला नाही तर पंच निर्णय देतात आणि घामाने निसरड्या झालेल्या अंगावर पकड सुटते. त्यामुळे मातीत वर्षानुवर्षे घोटलेला डाव गादीवर तसाच्या तसा चालत नाही. त्याची गती आणि पकड नव्याने बसवावी लागते. हा बदल खाशाबांना अल्पावधीत आणि तुटपुंज्या साधनांनिशी करावा लागला. त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल या बदलात आहे.

लंडन ऑलिम्पिक, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची फ्लायवेट (५२ किलो) गटात निवड झाली. प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या महाराजांनी साहाय्य केले. आंतरराष्ट्रीय नियमांचा व गादीचा त्यांना फारसा सराव नव्हता. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केले. या स्पर्धेत खाशाबांनी ऑस्ट्रेलियाचे बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचे बिली जर्निगन यांचा पराभव केला. मात्र इराणचे मन्सूर रईसी यांच्याकडून ते पराभूत झाले. त्यांना सहावे स्थान मिळाले. या अनुभवातून आपल्या उणिवा ओळखून त्यांनी पुढील चार वर्षे अधिक वजनाच्या गटासाठी तयारी केली.

हेलसिंकी ऑलिम्पिक, १९५२

हेलसिंकीला जाण्याची वाट सोपी नव्हती. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून कमी गुण दिले गेले, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा घेण्यात आलेल्या निवड कुस्तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट करून संघात स्थान मिळवले.

पुढचा प्रश्न पैशांचा होता. मुंबई सरकारकडे केलेली मदतीची विनंती मान्य झाली नाही. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कराड परिसरातील गावकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनीही वर्गणी काढली.

स्पर्धेत खाशाबांनी कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचे लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवले. जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामदबेयोव यांच्याकडून मात्र त्यांना हार पत्करावी लागली. इशी मूळचे ज्यूदोपटू होते. समोरच्याच्या रेट्याचा उपयोग करून त्याला फेकण्याची कला त्यांच्याही अंगी होती, त्यामुळे खाशाबांची त्यांच्याशी झालेली लढत विशेष चुरशीची ठरली. दोन कुस्त्यांमध्ये नियमानुसार मिळावयाची विश्रांती खाशाबांना मिळाली नाही आणि त्यासाठी हरकत घेणारा भारतीय अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात नमूद केलेले आढळते. इशी यांना सुवर्ण, मामदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले.

मायदेशी परतल्यावर कराड स्थानकापासून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांचे स्वागत झाले. त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यांतून मिळालेल्या पैशांतून खर्डीकरांचे गहाण पडलेले घर सोडवले.

पोलीस सेवा व अखेरचा काळ

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. दलांतर्गत स्पर्धांत त्यांनी विजय मिळवले व क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेच्या वेळी ज्योत वाहून नेण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

सन्मान व वारसा

हयातीत खाशाबांना अर्जुन पुरस्कार किंवा पद्म पुरस्कार मिळाला नाही. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार आणि २००० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आले. २०१० मध्ये दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वर येथील नियोजित कुस्ती संकुलाचे काम रखडल्याने २०१७ मध्ये कुटुंबीयांनी पदकाचा लिलाव करण्याचा विचार बोलून दाखवला होता. पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून घोषित केला.

खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी १९९६ पर्यंत, तर कुस्तीतील पुढच्या पदकासाठी २००८ पर्यंत वाट पाहावी लागली. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकले.